बिनलेबलची डबी

आई, तुझी नात सध्या माझ्याकडे राहायला आली आहे आणि तिचं तोंड पेटलं आहे. सकाळी उठली की आधी आरशात बघते, मग रडते, मग मला विचारते, "आत्या, कालच्यापेक्षा आज कमी आहे ना?" मी हो म्हणते. कमी नसतं. गालांवर लाल चट्टे, हनुवटीवर बारीक पुरळ, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना त्या तांबड्या रेघा, ज्या मी माझ्या स्वतःच्या तोंडावर इतकी वर्षं बघत आले. पंख्याचा वारा लागला तरी चुणचुणतं म्हणते. कॉलेजला जात नाही, मैत्रिणींचे फोन उचलत नाही. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस त्यानंतर ती जन्मली. तिला तू माहीत आहेस ती पार्लरमधल्या हार घातलेल्या फोटोतून आणि त्या पांढऱ्या डबीतून. फोटोने तिचं काही बिघडवलं नाही.

मला तुझा राग येतो हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि आईबद्दल तर नाहीच नाही. दादासमोर तुझा नुसता विषय निघाला तरी त्याचे डोळे भरतात. म्हणून तुलाच सांगते. तू ऐकून घेणार नाहीस, पण तशी तू होतीस तेव्हाही कुणाचं ऐकून घेत नव्हतीस.

मागच्या महिन्यात एका रविवारी ती माझ्याकडे सिडकोत आली होती, अशीच, जेवायला. पिशवीतून दोन डब्या काढून तिने माझ्यापुढे ठेवल्या. माझं काम तिला ठाऊक आहे. अंबडच्या ज्या कारखान्यात मी आहे तिथे क्रीम, शांपू, फेसवॉश बनतात आणि दुसऱ्यांच्या नावाने विकले जातात. आत जे आहे तेच लेबलवर छापलंय का, हे बघायचं मी पगार घेते. त्यामुळे नात्यातल्या सगळ्या बायका मला दुकानात उभ्या राहून फोटो पाठवतात, हे घेऊ का ते घेऊ, हा शांपू सल्फेटवाला आहे का. तीही तशीच विचारायला आली होती. एक डबी दुकानातली होती, मागे बारीक अक्षरांत पाऊण वीत यादी असलेली. दुसरी पांढरी.

"यातलं कुठलं चांगलं, आत्या? याच्यावर बघ ना किती केमिकल्स लिहिलीत. आणि हे आपल्या आजीचं, शंभर टक्के नॅचरल."

मी तिला शहाणपणा शिकवायला बसले. म्हटलं, डबीचं पुढचं अंग वाचायचंच नाही, ते जाहिरातवाल्यांचं. मागचं वाच. जे सगळ्यात जास्त ते आधी लिहायचं असतं. म्हणून पहिलं पाणी, जवळजवळ प्रत्येक क्रीममध्ये. मग ग्लिसरीन. मग हे नायसिनामाइड, नाव लांबलचक असलं तरी ते एक व्हिटॅमिनच. टोकोफेरॉल म्हणजे त्या हिरव्या कॅप्सुला असतात ना, त्यातलं ई. आणि हे फिनॉक्सीइथेनॉल, क्रीम नासू नये म्हणून घालतात, एक टक्क्याच्या वर घालत नाहीत. ते दिसलं की समजायचं, यापुढचं सगळं भाजीवरच्या कोथिंबिरीएवढं. आता शोध बरं यात केशर. तिने बोट खाली खाली नेलं आणि हसायला लागली. "अगं बाई, सगळ्यात शेवटी आहे. आणि पुढे केवढं ते चित्र." नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं मी म्हणाले. तसं ते क्रीम वाईट नव्हतं. कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं साधं क्रीम होतं.

मग तिने दुसरी डबी पुढे सरकवली. तुझ्या वेळी तिच्यावर काहीच नसायचं. वहिनीने आता गोल स्टिकर छापून घेतलंय, केशर, कोरफड, बदाम, गुलाबजल, आजीचा घरगुती फॉर्म्युला. मी झाकण उघडलं आणि मला लॅबची गरज पडली नाही. वर गुलाबपाणी, आणि खाली औषधाच्या ट्यूबचा तो फिका वास. मी पोरीची हनुवटी धरून तिला खिडकीशी नेलं, उजेडात. गाल गोरे झाले होते, तुळतुळीत, आणि त्या गोरेपणाखाली रेघा उमटायला लागल्या होत्या. "रोज लावतेस?" विचारलं तर म्हणाली, "दोन्ही वेळा. मम्मीला नाही माहीत. पार्लरच्या कपाटातून घेते." आणि मग मान खाली घालून म्हणाली, "गॅदरिंगच्या फोटोत मी दिसतच नाही असं मुली म्हणाल्या." ती माझ्यावर गेली आहे, आई. घरात गोऱ्या सगळ्या, आणि एक मी सावळी होते. आता ती.

तुझं स्वयंपाकघर मला डोळ्यांपुढे दिसतं. लष्कराच्या कॅम्पातलं ते घर, पुढच्या खोलीत पार्लर, मागे आपण. दुपारी पार्लरला पडदा लावून तू ओट्याशी उभी राहतेस. एक स्टीलचं पातेलं आहे ज्यात आपण दूध तापवायचं नाही, आणि एक ताकाची रवी आहे जी ताकाला लावायची नाही. पातेल्यात कोल्ड क्रीम, सुईने टोचून पिळलेल्या हिरव्या कॅप्सुला, गुलाबपाणी, आणि मेडिकलमधून आणलेल्या त्या ट्यूबा, बाजूने लाल पट्टी असलेल्या. तू शेपटीकडून तोंडाकडे त्यांच्यावर लाटणं फिरवतेस, म्हणजे थेंबसुद्धा आत राहत नाही. मग घोटत बसतेस, पार पांढरंशुभ्र होईपर्यंत. रिकाम्या ट्यूबा कागदात गुंडाळून केराच्या डब्यात तळाशी. लाल पट्टीची वस्तू डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, हे त्या दुकानदाराला माहीत होतं. तुला माहीत होतं का? मी फार वर्षं धरून चालले की नव्हतं.

गिऱ्हाइकं सगळी लष्करातली. नवरे तोफखान्याच्या कोर्सला आलेले, बायका बरोबर. पंजाबच्या, हरियाणाच्या, केरळच्या. तुझं हिंदी तोडकंमोडकं, पण "पंधरा दिन में फरक दिखेगा, भाभीजी" हे वाक्य अगदी सफाईने यायचं. आणि फरक दिसायचाच. "इसमें डाला क्या है?" असं कुणी विचारलं की तू हसून काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचीस, आणि ती गेल्यावर मला म्हणायचीस, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मग कोर्स संपला की बदली. त्या जाताना चार चार डब्या घेऊन जायच्या, आणि त्यांची तोंडं तुला परत कधी दिसायची नाहीत. नव्या बायका यायच्या, नवे गाल घेऊन. दुसऱ्या कुठल्या गावात तुझं पार्लर असतं तर वर्षभरात बायका भांडायला दारात उभ्या राहिल्या असत्या. कॅम्पात कुणी टिकतच नव्हतं. फोन मात्र यायचे, कुठून कुठून. "भाभी, वो क्रीम भेज दो, बंद किया तो बहुत जलन होती है." फोन ठेवून तू फुशारकीने सांगायचीस, "बघ, माझ्या क्रीमवाचून कुणाचं पान हलत नाही. सोडलं की चेहरा तक्रार करतो, म्हणजे क्रीम अस्सल." हाच तुझा पुरावा होता. सोडल्यावर आग होते, म्हणून चांगलं.

त्या सगळ्या गावोगावी गेल्या. टिकले ती मी एकटी.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तू माझ्यावर सुरुवात केलीस, स्थळं बघायचं ठरल्यावर. रोज संध्याकाळी ओट्याजवळच्या स्टुलावर बसवायचीस. एकदा मी साबणाने तोंड धुतलं तर केवढी बोललीस. "मी इथे मर मर मरते आणि तू मोरीत घालवतेस. काळीच राहायचंय का तुला? राहा मग घरी, भावाच्या जिवावर." केमिस्ट्रीचा पेपर दुसऱ्या दिवशी होता म्हणून हे माझ्या लक्षात आहे. पुस्तकात सगळ्या संयुगांची नावं होती आणि माझ्या गालावर काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंसुद्धा नाही. आईने लावलं, त्याला काय विचारायचं?

लग्नाचे फोटो अजून आहेत. चेहरा आणि गळा एका बाईचा, हात दुसरीचे. तू ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत शिवून घेतल्या होत्यास, तरी पंजे उरलेच, मेंदी लावलेले, माझे खरे. सासर निफाडकडचं, शेतकरी घर. तिथे डबी संपली आणि आठवड्याभरात माझं तोंड सुजून लाल झालं. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "दाखवली एक अन् धाडली एक. आमी काय आंधळे हाय का?" माझ्या नवऱ्याने तेव्हा काही म्हटलं नाही, नंतरही नाही. तो गप्प राहिला हेच त्याचं चांगुलपण धरून मी संसार केला. त्या दिवशी मी एसटीने तुझ्याकडे आले, ओढणी नाकापर्यंत ओढून. तू दार उघडलंस, माझ्याकडे बघितलंस आणि नवी डबी काढलीस. चार दिवसांत सगळं शांत. मग पुन्हा संपायची, पुन्हा आग, पुन्हा कॅम्प. पुढे गालांवर लव उगवली. तीही तूच दोऱ्याने काढलीस, आणि म्हणालीस, बाळंतपणानंतर होतं असं बायकांना.

अंबडला नोकरी लागल्यावर लॅबमधल्या एका वरिष्ठ बाईंनी मला जवळजवळ ओढतच स्किनच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी भिंगातून गाल बघितला आणि विचारलं, ट्यूब कुठली लावता? मी म्हटलं ट्यूब नाही, डबी आहे, आणि म्हणता म्हणता मला तुझ्या केराच्या डब्यातल्या लाल पट्ट्या आठवल्या. स्टिरॉइड. खाजेवर, इसबावर चार दिवस लावायचं औषध. तोंडावर महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, आणि सोडलं की पेटते. डॉक्टरांनी विचारलं, "कुणी दिलं तुम्हाला हे?" मी म्हटलं, "पार्लरवालीने." हे खोटं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

मी कॅम्पात येऊन तुला सांगितलं होतं, आई. सगळं सांगितलं, कातडीचं, लवेचं, त्या फोनवाल्या बायकांचं. तू कुणाच्यातरी केसांसाठी मेंदी कालवत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "डॉक्टरांना धंदा करायचाय. आणि तू चार बुकं शिकलीस म्हणून आईला शिकवू नकोस." तुला खरंच पटलं नाही, असं मी मानलं. अडाणीपणा समजून मनातल्या मनात तुला माफ करून टाकलं. वर्षा-दोन वर्षांत तू गेलीस, छातीत कळ येऊन, बोलायला वेळ न देता. ते माफ करणं इतकी वर्षं मी सांभाळून ठेवलं होतं. गेल्या महिन्यात ते वहिनीने एका वाक्यात काढून घेतलं.

त्याच रविवारी मी पोरीला रिक्षात घालून कॅम्पात घेऊन गेले. पार्लर आता वहिनी चालवते. ती एकीच्या भुवया करत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी बाकावर बसून राहिले, तुझ्या फोटोखाली. मग डबी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, यात केशरही नाही आणि कोरफडही नाही, काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, "काहीतरीच काय ताई, आईंचं क्रीम आहे ते." मी पोरीला दिव्याखाली उभी केली. वहिनीने गाल बघितला, बोट लावलं, आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

"मी हिला कधीच लावलं नाही हो ताई. शपथ. आईंनीच मला बजावलं होतं."

"काय बजावलं होतं?"

"लग्न करून आले तेव्हा क्रीम घोटायला शिकवलं त्यांनी. तेव्हाच म्हणाल्या, हे फक्त गिऱ्हाइकाला. तू लावू नकोस, आणि उद्या मुलगी झाली तर तिला मुळीच नको. म्हणाल्या, माझ्या पोरीच्या तोंडाचं काय झालं ते बघतेस ना."

माझ्या पोरीच्या तोंडाचं. वहिनी घरात आली ती आपलं ते बोलणं व्हायच्या आधी. म्हणजे तुला दिसत होतं. तू दोऱ्याने लव काढत होतीस तेव्हा दिसत होतं. मेंदी कालवत मला धंद्याचं सांगत होतीस तेव्हाही दिसत होतं. न जन्मलेल्या नातीची काळजी तुला होती, परक्या घरून आलेल्या सुनेची होती. आणि मला एक शब्द नाही. मला तू म्हणालीस, चार बुकं शिकलीस. मी माफी मागायला लावलं नसतं गं तुला. नुसतं एवढं म्हणाली असतीस, की चुकलं, तरी मी तुझ्या गळ्यात पडले असते. ते सोपं वाक्य तू सुनेला देऊन टाकलंस आणि पातेलं ओट्यावर तसंच ठेवलंस. सुनेनेही तुझं अर्धंच ऐकलं. पोरीला लावलं नाही, पण कपाट उघडंच. दुसऱ्यांच्या पोरींना लावायचं आणि आपली वाचवायची, हे घरात चालत नाही. घरात सगळ्यांचे हात सगळीकडे पोचतात.

वहिनी खूप रडली. गिऱ्हाइकांना काय सांगू म्हणाली. मी म्हटलं, खरं सांगा, आणि एकदम बंद करू नका म्हणावं, डॉक्टरकडे पाठवा. स्टिकरांची गुंडाळी तिने माझ्यासमोर कचऱ्यात टाकली. किती जणींना तिने खरंच सांगितलं, मला माहीत नाही. दादाला यातलं काही सांगितलेलं नाही, फक्त पोरीला ॲलर्जी झाली असं कळवलंय. डॉक्टर म्हणतात वय लहान आहे, वेळेवर आलात, हिची कातडी बरीचशी भरून येईल. पण मधले महिने आगीचेच. ते काढायला ती माझ्याकडे आली आहे, कारण माझ्या तोंडाकडे बघून तिला कळतं की यातून माणूस जिवंत राहतो.

तिला एक साधं मॉइश्चरायझर दिलंय. वास नाही, रंग नाही, आणि यादी इतकी छोटी की ती पाठ म्हणून दाखवते. संध्याकाळी मी तिला ओट्याजवळ स्टुलावर बसवते आणि लावते. पहिल्या दिवशी ओरडली, "आत्या, क्रीम लावतेस की कढई घासतेस?" मला कुणाच्या तोंडाला हात लावायची सवयच नाही. माझ्या मुलग्यांना कसलं लागतंय. मग मी बोटं सैल सोडली आणि ती आपोआप फिरायला लागली, नाकापासून कानाकडे, जबड्याखालून वर, आणि शेवटी कपाळावर अंगठा. तुझी जीभ आयुष्यभर तिखट होती पण बोटं हलकी होती. पोरीने डोळे मिटले आणि म्हणाली, "आता बरं वाटतंय."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहूनच टाकते. लग्नानंतर मी पुन्हा पुन्हा कॅम्पात यायचे ते आग सहन होत नव्हती म्हणून, असं मी नवऱ्याला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. पण नुसती डबी घेऊन मला परत फिरता आलं असतं. मी पिशवी ठेवायचे, स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, आई, आज तूच लाव. दुसऱ्या कशासाठी तू माझ्या गालाला हात लावल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरांनी औषधाचं नाव सांगितल्यावर, तुझं माझं ते बोलणं होऊन गेल्यावरही, मी एकदा अशीच येऊन बसले होते. तू डबी उघडलीस आणि मी डोळे मिटले.